बोलता न येणारे हातमोजे

माझ्या थोरल्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही, आणि तरीही आमच्या घरात सगळ्यात जास्त बडबड तिचीच. ती हातांनी बोलते. जेवताना बोलते, जिना उतरताना बोलते, कोपरखळी मारून तुमचं लक्ष ओढून घेते आणि मग बोलते. पाहुण्यांना वाटतं, बिचारी मुकी. मी म्हणतो, दोन दिवस राहून बघा, तिसऱ्या दिवशी तुमचेच डोळे दुखायला लागतील.

ताई चष्म्याच्या काचा घासते. चष्म्याच्या दुकानांतून फ्रेमा येतात, आणि ती फिरत्या चाकावर, पाण्याच्या धारेखाली काचेची कड अशी उतरवते की काच फ्रेममध्ये टक्कन बसते. केसाएवढं इकडेतिकडे झालेलं तिला खपत नाही. हाच नियम ती माणसांनाही लावते, म्हणून तिचं लग्न जमता जमता राहिलं, असं आईचं म्हणणं. ताई म्हणते, नवऱ्याऐवजी गाडी घेतली, गाडी निदान सांगितलेलं ऐकते.

गाडी म्हणजे स्पोर्ट मोटरसायकल, पुढे वाकून, टाकीवर जवळजवळ पोट टेकून चालवायची. सुट्टीच्या सकाळी शहराबाहेरच्या ट्रॅकवर ती फेऱ्या मारते. इंजिन ती कानांनी नाही, गुडघ्यांनी ऐकते. गिअर कधी बदलायचा, ते टाकीच्या थरथरीवरून तिला कळतं. मी तिच्या मागे एकदाच बसलो आहे. त्याविषयी मला बोलायचं नाही.

मागच्या हंगामात एका अगदी साध्या वळणावर गाडी घसरली. अंगात जाड जाकीट होतं, हातांत मात्र सायकलवाल्यांचे पातळ मोजे. तिने हात टेकला आणि उजव्या करंगळीखालचं हाड मोडलं. दोन बोटं प्लास्टरमध्ये गेली, म्हणजे ताईची अर्धी जीभच गेली. डाव्या हाताने ती काही सांगायला जायची, मध्येच अडखळायची, आणि आम्ही भलताच अर्थ लावायचो. एका संध्याकाळी कामावरचा कसलासा किस्सा सांगता सांगता ती थांबली, हात मांडीवर ठेवले आणि भिंतीकडे तोंड करून बसली. आमचं घर इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं. मला भीती वाटली.

हाड जुळलं. आईने गाडीची किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली आणि निकाल दिला. "आधी हातमोजे. पुन्हा हाड मोडणार नाही असे. आणि तू जा हिच्याबरोबर," हे मला. "तू पास केलेस तरच किल्ली."

मला मोटरसायकलीतलं ओ की ठो कळत नाही. पण आईपुढे कोणाचं काही चालत नाही.

गाडीच्या सामानाच्या दुकानात दुकानदाराने काउंटरवर हातमोज्यांचा ढीग घातला. सगळे लांब, मनगटाच्या बरेच वर येणारे. एक पट्टा मनगटाला, दुसरा वरच्या तोंडाला, तो जाकिटाच्या बाहीवरून आवळायचा. बोटांच्या सांध्यांवर कडक कवच, तळव्याच्या खालच्या बाजूला गुळगुळीत चकती. "पडल्यावर हात रस्त्याला अडकायला नको, घसरायला हवा," तो म्हणाला. मी ताईला खूण केली, यात हात घसरतो. तिने तो जोड झुरळ झटकावं तसा बाजूला सारला. घसरणारे मोजे कोण घेईल? मग मला सगळा अपघात करून दाखवावा लागला. मी काउंटरवर आडवा पडलो. दोन गिऱ्हाइकं बघत उभी राहिली.

त्यानंतर ताईने आपली परीक्षा सुरू केली. जोड घालायचा आणि दर वेळी एकच वाक्य बोलायचं, "येताना दूध आण, आणि कालच्यासारखं विसरू नकोस." मला कळलं तर मी मान हलवायची. कातडं जाड, बोटं आधीच वाकवून शिवलेली. पहिल्या जोडात ती तोंडात बोळा कोंबल्यासारखी बोलत होती. दुसऱ्यात दुधाचं भलतंच काहीतरी झालं. तिसऱ्यात नुसतं "विसर" एवढंच उरलं. दुकानदाराला वाटलं, बाईंना टोचतंय. तो मापं बदलत राहिला, मोठं, लहान, पुन्हा मोठं. मी घामाघूम झालो. शेवटी तिने कोपऱ्यातल्या टोपलीतून एक पातळ, आखूड जोड उचलला आणि वाक्य इतकं स्पष्ट आलं की मी टाळीच वाजवली.

"हेच! पास!"

"ते उन्हासाठी असतात," दुकानदार म्हणाला.

"पण यात तिला बोलता येतं."

त्याने हातातलं मोठं माप खाली ठेवलं. मग अगदी अदबीने त्याने विचारलं, "गाडी चालवताना ताईंचे दोन्ही हात हँडलवर असतात ना? मग तेव्हा त्या बोलतात कशा?"

मी प्रश्न ताईपर्यंत पोहोचवला. ती माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. आमच्या घरी साधा स्वेटर घेतानासुद्धा बाहीत हात मोकळा फिरतो का, हे आधी बघतात. हातमोजे घ्यायचे तर बोलून बघायचं, यात चुकलं काय, हेच डोक्यात शिरेना. शिरलं तेव्हा ताई अशी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. मी नाही हसलो. अर्धी दुपार मी हातमोजे नव्हे, कर्णा निवडत होतो.

दुकानदाराने आतून आणखी एक जोड आणला. त्यात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कातड्याच्या छोट्या पट्टीने एकमेकांना जोडलेलं होतं. "पडताना करंगळी पटकन दुमडते. शेजारच्या बोटाला बांधलेली असली की सांभाळली जाते," तो म्हणाला. ताईने ते घातले. मूठ वळली, उघडली, हवेतच क्लच ओढला, आणि खूश झाली. मग मला हाक मारायला तिने हात उचलले, आणि हाक येईना.

आमच्या भाषेत माझं नाव म्हणजे दोन करंगळ्या एकमेकींत अडकवणं. लहानपणी रस्ता ओलांडताना ती माझी करंगळी धरायची, तेव्हापासूनचं. बघणाऱ्याला वाटतं, आमची कट्टी चाललीय. या मोज्यांत करंगळी एकटी सुटतच नव्हती. दर वेळी शेजारचं बोट सोबत यायचं आणि हात नुसते एकमेकांवर आपटायचे. मोजे काढले की ती हवं ते बोलेल, हे मला कळत होतं. तरी मला वाईट वाटलं. रागही आला, आणि तो कोणाचा, दुकानदाराचा, ताईचा की त्या पट्टीचा, हे काही केल्या कळेना.

"करंगळी मोकळी असलेला दाखवा," मी म्हणालो.

त्याने दाखवला. "हाही वाईट नाही. पण," ताईच्या उजव्या हाताकडे बोट करत तो म्हणाला, "मघाशी बघितलं, करंगळी किंचित वाकडी आहे, एकदा मोडलेली दिसते. मी असतो तर हा घेतला नसता."

ताईने हनुवटी उडवून विचारलं, काय म्हणतो? मी सगळं सांगितलं. शेवटचं वाक्यसुद्धा.

"आणि तू काय म्हणतोस?"

"त्या पट्टीवाल्यात तुला माझं नाव घेता येत नाही."

तिने जोडलेल्या बोटांचे मोजे सावकाश काढून काउंटरवर ठेवले आणि मोकळ्या हातांनी बोलायला लागली.

"प्लास्टर होतं ना, तेव्हा आई, मावशी, कामावरच्या बायका, सगळ्यांची नावं मी एका हाताने भागवली. तुझं एकट्याचंच नाव दोन हातांचं. तुला बोलवायचं म्हटलं की टेबल ठोकायचे मी, कुणाला तरी हाकलावं तसं. मला फार वाईट वाटायचं." मग त्या मोज्यांवर बोट ठेवून म्हणाली, "हे घातले की तुझं नाव थोडा वेळ आत बंद राहील. पण मोडणार नाही."

मी मोजा उचलला, जोडलेली दोन्ही बोटं दोन मुठींत धरली आणि जीव खाऊन ओढली. मग दुसऱ्या हाताच्या मोज्याचीही ओढली.

"अहो, फाटेल ना," दुकानदार म्हणाला.

पट्टी फाटली नाही. "हेच द्या," मी म्हणालो.