सुलतानाच्या पेटीतलं कथील

फारूक कलईवाल्याबद्दल नागभीडच्या बायका एक गोष्ट शपथेवर सांगायच्या: हा माणूस कथलात शिसं मिसळत नाही. बाकीचे सर्रास मिसळायचे, त्यांचं तोंड काळं होवो! शिसं स्वस्त पडतं, भांडं चार दिवस चकाकतं आणि महिन्याभरात त्यातलं वरण कळकतं. फारूकनं कलई केलेली पाण्याची पितळी गुंड मात्र वर्षभर लखलखायची. थंडीत वडशाला नाटकांचा मोसम लागला की कंपन्यांचे मोठाले हंडे त्याच्याचकडे यायचे. फारूक भट्टीपुढे उकिडवा, हातात कापसाचा बोळा, आणि भाता मारायला बायको सुलताना. दोघांचं बोलणं कमी आणि काम जास्त.

नव्वदच्या पुढे घरोघर स्टील आलं आणि मेली ती भट्टी थंड पडत गेली.

अशात अठ्ठ्याण्णव साली धनराज मास्तर दारात उभा राहिला. नागपूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा, पण मूळचा इथलाच, धान पिकवणाऱ्या घरातला. त्याची आई कमळाबाई छातीतल्या गाठीनं गेली होती. गाठ कळली तेव्हा लिंबाएवढी होती. पोराच्या डोक्यात तेव्हापासून एकच भूत बसलं होतं: गाठ मुगाएवढी असतानाच दाखवील असं मशीन करायचं.

"फारूकचाचा, नीट ऐका," तो म्हणाला. "बाईले सुईनं एक औषध टोचतो. त्यातून किरण निघतात. गाठीत ते औषध जास्त साचते, म्हणून तिथून किरणही जास्त येतात. तरण्या बाईच्या भरल्या छातीत एक्सरेले जे दिसत नाई, ते माह्या मशीनले दिसन. पण मशीनच्या तोंडाशी शिशाची जाळी लागते. चाळणीसारखी, हजारो भोकांची. सरळ येणारे किरण भोकातून आत जातात, तिरपे आले ते शिशाच्या भिंतीत अडतात. इतक्या बारीक भिंती ओतणारा माणूस मले नागपुरात भेटला नाई."

शिशाच्या विटा त्यानं स्वतःच आणल्या होत्या. साच्यात हजारो पोलादी सुया उभ्या करायच्या, मधे शिसं ओतायचं, थंड झालं की सुया ओढून काढायच्या. सुयांना शिसं चिकटू नये म्हणून फारूकनं चिमणीची काजळी लावली. ही अक्कल त्याचीच. मास्तर बघतच राहिला.

पण शिसं काही सुयांच्या मधे उतरेना. एकदा ओतलं, भिंती अर्धवट. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच. फारूक चिडचिडा झाला, जेवेना. तेव्हा सुलतानानं आपली लोखंडी पेटी उघडली. तळाशी फडक्यात कथलाची कांब होती, अस्सल, लेकीच्या, महेकच्या लग्नातल्या भांड्यांसाठी राखलेली.

"हे घ्या, महेकचे अब्बा. बायांच्या जिवाचं काम हाये. चांगलं कथील टाका, पाण्यावानी वाहीन."

आणि वाहिलंच की! अर्धं शिसं, अर्धं कथील. एका दमात जाळी उतरली, एकही भिंत फुटली नाही, वर चांदीसारखी झळाळी. हाताला जरा हलकी लागली, तर फारूकला त्याचंही कौतुकच. मास्तरला सांगायचं त्याच्या मनातही आलं नाही. कथलात शिसं घालणं ही चोरी. शिशात कथील घालणं म्हणजे पदरचं घालून काम चोख करणं, ते काय सांगत सुटायचं? मास्तरनंही विचारलं नाही. विटा त्याच्याच होत्या ना!

मशीन नागपुरात एका दवाखान्याच्या तळघरात उभं राहिलं. औषधाची बाटली पुढे ठेवली तर पडद्यावर बाटली उमटली. कडा पुसट होत्या. मास्तरनं त्याचा दोष मशीनच्या तारांना दिला.

त्याच हिवाळ्यात आंघोळ करताना सुलतानाच्या बोटाला डाव्या छातीत काहीतरी लागलं. मुगाच्या दाण्याएवढं. दुखत नव्हतं. तिनं नवऱ्याला सांगितलं. छोट्या लाईनच्या गाडीनं दोघं नागपूरला गेली. एक्सरेत काही नाही. मग दंडात औषध टोचून मास्तरच्या मशीनपुढे बसवलं. पडदा सगळीकडे सारखाच करडा, डाग म्हणून नाही.

"दिसत तर काई नाई," तिथला डॉक्टर म्हणाला. "पण मशीन अजून नवीन आहे, त्याच्यावर भरवसा ठेवू नका. सुई घालून गाठीतला तुकडा तपासून घेऊ."

सुलताना पदर सावरून उठलीच. "काऊन? परक्या माणसानं छातीत सुया खुपसायच्या? माह्या मालकाच्या हातची जाळी हाये ती. ती खोटं सांगन का?"

फारूकनं तेव्हा तिला दटावायला हवं होतं. हात धरून बसवायला हवं होतं. पण तळघरात चार शिकलेल्या माणसांदेखत बायको असं बोलली आणि ह्या गाढवाची छाती फुगली! तो हसला आणि तिला घेऊन घरी आला.

दहा महिन्यांनी मास्तर पुन्हा दारात. थैलीत जाळी, चेहरा उतरलेला. तारा बदलून बदलून थकल्यावर त्यानं जाळीचा एक कोपरा तोडून तपासायला दिला होता.

"चाचा, याच्यात कथील आहे का?"

"मंग! अर्धंअर्ध. एक नंबर माल," फारूक म्हणाला.

मास्तरनं जाळी थैलीतून काढून पुढे ठेवली. मग हळूहळू बोलत गेला. किरण अडवायला शिशाचा जडपणा लागतो. कथलात तो नाही. किरण भिंतींच्या आरपार गेले, चित्र फिसकटलं. मोठी वस्तू दिसते, मुगाएवढी दिसत नाही. एवढ्यावर तो थांबला, कारण आतून सुलतानाच्या कण्हण्याचा आवाज आला. तिच्या काखेत आता सुपारीएवढी गाठ होती आणि कालच ब्रह्मपुरीच्या डॉक्टरनं मान हलवली होती.

फारूकला पुढचं काही ऐकू आलं नाही. भिंतीवर डोकं आपटावं असं त्याला वाटलं. त्यानं ते आपटलंही, दोनदा. मास्तरनं धरलं.

"तिले सांगू नको," फारूक म्हणाला. "काई झालं तरी सांगू नको. कांब तिनं दिली होती."

नागपूरला छाती काढली, औषधं झाली, केस गेले. दुखणं कंबरेच्या हाडात उतरलं ते उतरलंच. दुसऱ्या छातीतही काहीतरी असावं असं डॉक्टरांना वाटत होतं, पण हाताला लागत नव्हतं. आणि इकडे फारूक दुसरी जाळी ओतत होता. निव्वळ शिसं. साचा इतका तापवायचा की हाताची सालटं निघायची. ओतायचा, फुटायची, पुन्हा वितळवायचा. सतरा वेळा. त्याला दुसरं काय करता येणार होतं, तुम्हीच सांगा? रडायचं तर तिच्यासमोर रडता येत नव्हतं. अठराव्यांदा जाळी धड उतरली. काळपट आणि ओबडधोबड, आणि वजनाला धोंडा.

नवी जाळी जुनीच वितळवून ओतली असं समजून सुलताना म्हणाली, "मले न्या. माह्यावर पाहा, चालते की नाई."

"तुह्यानं बसवत नाई."

"बसतो मी. बायांच्या कामात येईन ना ती?"

डॉक्टरनं हो म्हटलं. दोघांनी धरून तिला मशीनपुढे बसवलं. फारूक पडद्याजवळ उभा होता. करड्या पडद्यावर हळूहळू एक ठिपका उमटला. उजवीकडे, हाताला न लागलेला, मुगाएवढा, कडा रेखल्यासारख्या. मास्तरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्याच्या आईच्या वेळी जे हवं होतं ते आज समोर होतं. फारूकनं दाताखाली ओठ दाबला. दीड वर्षापूर्वी डाव्या छातीत असाच ठिपका दिसला असता.

"दिसली का?" सुलतानानं विचारलं.

"दिसली. साफ दिसली."

ती थकलेली होती, तरी हसली. "पाहा! मी काय म्हटलं होतं? माह्या कथलाचं चीज झालं."

मास्तरनं तोंड फिरवलं. फारूक तिच्याजवळ गेला, खाली बसला आणि तिच्या पायात चपला घालायला लागला.

"झालं," तो म्हणाला. "तुह्या कथलानंच झालं."

जन्मात पहिल्यांदा फारूक कलईवाला कथलाबद्दल खोटं बोलला.