ओळ सात ते नऊ

आमच्या मॅडमइतकं घाबरट माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरं झालं नाही, आणि घाबरण्याच्या बाबतीत आपला जिल्हा काही मागास नाही. अंबाजोगाईच्या कॉलेजात त्या रेणवीय जीवशास्त्र शिकवायच्या. हा शब्द नीट उच्चारायला मला सहा महिने आणि दोन दात लागले. मी त्यांच्या प्रयोगशाळेतला शिपाई. त्या मला मामा म्हणायच्या आणि पोरं त्यांना पाठीमागे ‘उणे ऐंशी’ म्हणायची. कारण त्यांचा जीव ज्या फ्रीझरमध्ये होता, त्याचं तापमान शून्याखाली ऐंशी. त्याचं दार उघडं असताना मी एकदा शिंकलो, तर शिंक गारेसारखी फरशीवर पडून फुटली. हे मी आजवर हजार जणांना सांगितलंय आणि नऊशेंनी मान्य केलंय.

वीज गेली की मॅडम दोन्ही हातांनी फ्रीझरचं दार दाबून धरायच्या, आतली थंडी पळून जाईल म्हणून. एरवी त्यांचं बोलणं कसं रेडिओवरच्या बातम्यांसारखं. पण घाबरल्या की ते गळून पडायचं आणि खालून सिरसाळ्याची बोली वर यायची. “मामा, माझी सात वर्सं हायेत ओ आत!” सात वर्षं म्हणजे ज्वारीची पानं. पानातून डीएनए काढायचा, जेलीच्या वडीतून विजेच्या जोरावर पळवायचा आणि जांभळ्या दिव्याखाली त्याचे पट्टे बघायचे. पाणी तुटल्यावरही हिरवी राहणारी ज्वारी कशाच्या बळावर राहते, ते त्या पट्ट्यांत त्या शोधत होत्या.

त्यांचं एकच वाक्य होतं. “भ्या वाटतंय ना? मग परत मोजा.” प्रत्येक बाटलीवर तीनदा चिठ्ठी, प्रत्येक वजन तीनदा. मी एकदा म्हणालो, “मॅडम, एवढं कशापायी घाबरता? मी बालाघाटात बिबट्याला मिशी धरून पाणी पाजलंय.” (बिबट्या पुढे वारला, त्यामुळे साक्षीदार नाही.) त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “आमच्या वस्तीतली पहिली पीएच.डी. मी. माझं चुकलं तर बाई चुकली असं कुणी म्हणणार नाही, मामा. ही लोकं अशीच, असं म्हणतील.” त्यांचा लेख छापून आला की त्यांचे वडील तो चौकटीत बसवून सिरसाळ्याच्या विहारात भिंतीवर लावायचे. वस्तीत इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं. पण जयंतीला त्या चौकटी पुसल्याशिवाय झेंडा वर जात नसे.

परदेशी मासिकाचं उत्तर आलं की ते उघडायचं धाडस त्यांना होत नसे. मला संगणकासमोर बसवून स्वतः खिडकीकडे तोंड करायच्या. “मामा, लांब आहे का आखूड?” मला इंग्रजी येत नाही, पण लांबी कळते. चार ओळी म्हणजे लेख नाकारला. चार पानं म्हणजे खोड काढलीय, पण आशा आहे. असे आठ लेख मी लांबी बघून पास केले. माझ्यापेक्षा कमी इंग्रजी वाचलेला परीक्षक जगात नसेल.

मग तो दुष्काळ आला. आष्टीकडच्या एका खेड्यातल्या अनसाक्काकडे पिढ्यान्पिढ्या राखलेली जुनी ज्वारी होती. तिने मॅडमना चिमूटभर बी दिली. ती सगळी मॅडमनी कॉलेजमागच्या तुकड्यात पेरली, ओळ सात ते नऊ. बाकीच्या ओळी इतर वाणांच्या. रोपं वाढली की मुद्दाम पाणी तोडायचं, हाच प्रयोग. टँकरच्या रांगेतली माणसं म्हणायची, “आमचं पाणी देवानं तोडलं, फुकटात. ह्या बाईला तोडायचा पगार हाय बे!”

कुंपणापलीकडे सहकारी दूध संस्थेची चारा छावणी होती आणि छावणीसाठी पेरलेलं कडवळ, म्हणजे जनावरांची ज्वारी. मॅडम दोन दिवस बाहेरगावी होत्या आणि राखण माझ्यावर. भर दुपारी मी चहाच्या टपरीवर सांगत होतो की, आधीच्या दुष्काळात आमच्या म्हशीने दुधाऐवजी थेट भुकटी दिली होती. लोक हसून लोळत होते. तेवढ्यात छावणीतली एक खरी म्हैस कुंपण मोडून आत शिरली आणि तिने ओळ सात ते नऊ मुळासकट साफ केल्या.

बी शिल्लक नव्हती. माझे पाय कापायला लागले. बिबट्यासमोर कापले नव्हते, कारण बिबट्याच नव्हता. मी कडवळाची तेवढीच रोपं उपटली, त्या ओळींत लावली, घागरभर पाणी घातलं. लहानपणी सगळी ज्वारी सारखीच दिसते. मॅडम आल्या, ओळी मोजल्या, परत मोजल्या, आणि पानं खुडून फ्रीझरात ठेवली.

पुढचं वर्ष मी कसं काढलं ते माझं मला ठाऊक. जेलवर त्या तीन ओळींचे पट्टे निराळेच आले. मॅडमनी तीनदा तपासलं. पानं तीच, त्यामुळे उत्तरही तेच. त्यांनी लेख लिहिला: जुनी म्हणून राखलेल्या ह्या बियाण्यात दुसरी, तहान न सोसणारी ज्वारी मिसळली आहे. नवा विचार म्हणून मासिकाने उचलून धरला. उत्तर आलं तेव्हा मी लांबी बघून “पास” म्हणालो, आणि पहिल्यांदाच वाटलं, चार ओळी असत्या तर बरं झालं असतं. विहारात नववी चौकट लागली. प्राध्यापकपदाची मुलाखत ठरली. मॅडम मात्र म्हणायच्या, “लई चांगलं निघालंय मामा. त्याचंच भ्या वाटतंय.”

म्हणून मुलाखतीच्या पंधरा दिवस आधी त्या जीप करून ताजी बी आणायला अनसाक्काकडे निघाल्या. मीही सोबत. मॅडमनी हळूच सांगितलं, “आक्का, तुमच्या बियाण्यात दुसरी ज्वारी मिसळलीय. तसं छापून आलंय.”

अनसाक्का उठली, आत गेली आणि तिने राखेत ठेवलेल्या बियाण्याचं मडकं आणून पुढ्यात आदळलं. “माज्या सासूनं कणीस निवडून बी धरलं, मी बी तसंच धरते. उपाशी निजलो, पर ह्या मडक्यात हात न्हाई घातला. आन तू भेसळ म्हन्ती? निवड हितं बसून. एक दाना दुसरा निघाला तर मडकं फोडते!”

मॅडम खरंच खाली बसल्या आणि दाणे निवडू लागल्या. आक्काचे डोळे भरले होते. मी म्हणालो, “मॅडम, बी चांगलं हाय. म्हैस शिरली होती. ती रोपं कडवळाची हायेत. मी लावली.”

मॅडमनी पर्समधून वही काढली. “किती रोपं?”

“लई.”

“लई म्हणजे किती? भ्या वाटतंय ना? मग परत मोजा.”

मी बोटांवर मोजलं. “ओळीला अकरा. तेहेतीस.”

“आन म्हैस कोनाची?” अनसाक्काने डोळे पुसत विचारलं.

परतीच्या वाटेवर मांजरसुंबा आलं. मी म्हणालो, “मॅडम, कुणाला कळणार? म्हैस काही साक्ष द्यायची नाही.”

“ज्वारी देईल ना. उद्या दुसऱ्या कुणी आक्काची बी पेरली की.” मग वही उघडत म्हणाल्या, “लई भ्या वाटतंय ओ मामा. पत्र आजच पाठवू.”

त्यांनी लेख मागे घेतला. मासिकात दोन ओळी आल्या: ‘ओळ सात ते नऊमध्ये आमच्याकडून चुकीची रोपे लागली.’ आमच्याकडून. माझं नाव कुठेच नव्हतं. मुलाखतीला त्यांनी आपल्या लेखांची यादी तशीच नेली, नवव्या लेखापुढे ‘मागे घेतला’ असं लिहून. पद दुसऱ्याला मिळालं. कॉलेजात दबक्या आवाजात जे बोललं गेलं, ते नेमकं तेच होतं ज्याला त्या जन्मभर भ्यायल्या. मी ते ऐकलं. त्यांनीही ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर आल्या आणि आक्काची नवी बी मोजायला बसल्या. दहावा लेख यायला तीन वर्षं लागली, आणि त्यात आक्काचं बियाणं अस्सल ठरलं.

गेल्या साली मॅडम गेल्या. सिरसाळ्याच्या विहारात वंदना झाल्यावर मी भिंतीपाशी गेलो. दहा चौकटी होत्या. नववी काढलेली नव्हती. काचेखाली, त्यांच्या अक्षरात, त्या दोन ओळी मराठीत लिहून चिकटवलेल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, “मामा, तुमी लई रंगवून सांगता. मॅडमची एखादी गोष्ट सांगा की.” माणसं सरकून बसली.

मी तोंड उघडलं. एवढ्या लोकांसमोर मला म्हशीचा हत्ती करायला कितीसा वेळ लागला असता! पण समोर ती चौकट होती, आणि माझे पाय त्या दुपारसारखे कापायला लागले.

“म्हैस एकच होती,” मी म्हणालो. “रोपं...” आणि थांबलो. बोटांवर परत मोजलं. ओळीला अकरा. ओळी तीन.