चिलीची वाईन आणि भरीतवाल्या बाई

प्रसेनजितनं आयुष्यात वाईनचा एक थेंब जिभेवर ठेवला नाही, आणि वाशिममध्ये वाईनमधलं त्याच्याएवढं कळणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. हे लिहिताना हात अडखळतो, कारण वर्षभरापूर्वी भर दुपारी, भर बाजारात मी त्याच माणसाला विश्वासघातकी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. बत्तीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय आहे मला.

मी वैजयंती. अनसिंगच्या शाळेत मराठी शिकवायची, शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापिका होते. पोरं पाठीमागं मला तोफ म्हणायची. मला ते माहीत होतं, आणि खोटं कशाला बोलू, आवडायचंही. प्रसेनजित माझा विद्यार्थी. अभ्यासात बेताचा, पण नाक असं की काय सांगू! मधल्या सुट्टीआधी बंद डबे नुसते हुंगून हा सांगायचा, कोणी मेथी आणलीय आणि कोणाचं पिठलं कालचं आहे. एकदा माझ्या टेबलापाशी थांबला आणि म्हणाला, "बाई, आज भरीत हाय. पन वांगं चुलीवर नाई भाजलं, गॅसवर भाजलं." खरं होतं. मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं, कारण बाईंच्या डब्यात नाक खुपसायचं नसतं.

बारावीनंतर तो वाशिमला हरीओम सेठच्या वाईन शॉपवर लागला. आपल्याकडच्या वाईन शॉपात वाईन सोडून सगळं मिळतं, हे वेगळं सांगायला नको. त्याची आई लिलाबाई दर रविवारी त्याला सोबत विहारात न्यायची. तिथं पाचवं शील म्हणायचं, मादक पदार्थांपासून दूर राहीन, आणि सोमवारी सकाळी शटर वर करायचं. लिलाबाई चिडायची, "तोंडानं काय म्हनतं अन् हातानं काय इकतं, बापा!" तो म्हणायचा, "आई, मी इकतो, घेत नाई. दुसरं काम भेटलं का सोडतो." दुसरं काम काही भेटलं नाही. भेटलं ते शेवटी माझ्यामुळे, आणि त्यात मला मिरवण्यासारखं काही नाही.

चार वर्षांपूर्वी हरीओम सेठनं नागपूरच्या कोण्या व्यापाऱ्याकडून पंचवीस पेट्या स्वस्तात उचलल्या. चिली, अर्जेंटिना, उरुग्वे. सगळा माल दक्षिण अमेरिकेचा, बाटली हजाराच्या आत. गिऱ्हाईक बाटली उलटीपालटी करून विचारायचं, "हे चढते का?" आणि परत ठेवून नेहमीचं घेऊन जायचं. सेठ म्हणाला, "प्रसेनजित, हे खपव, नाईतर तूच पी." आता हा पिणार कसा? त्याचं शील त्याच्या जिभेवर बसलेलं. मग त्यानं आपली एक रीत काढली. जो कोणी बाटली नेईल त्याला एकच अट: कशी लागली ते येऊन सांगायचं, आणि रिकामी बाटली परत आणायची. रिकाम्या बाटलीचा वास तो स्वतः घ्यायचा, आणि चव गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकून दोनशे पानी वहीत लिहून ठेवायचा. ज्याला चाखायचं नाही, त्याला दुसऱ्याच्या जिभेवर भरवसा ठेवावाच लागतो.

आणि काय लिहायचा! अर्जेंटिनाची माल्बेक म्हणजे पिकून फुटायला आलेलं जांभूळ, मटणासोबत घ्या. उरुग्वेची तनात कच्च्या सुपारीसारखी तुरट, नवख्यानं हात लावू नये. चिलीची पांढरी सोविन्यों, तिला लिंबाच्या पानाचा वास आणि हिरव्या कैरीचा आंबटपणा. एक निवृत्त तहसीलदार ती पोह्यांसोबत घेत, आता बोला. अर्जेंटिनाचीच तोरोंतेस, तिला वास मोगऱ्याचा आणि संत्र्याच्या सालीचा, पण चव कोरडी. तिच्यापुढं त्यानं लिहिलं होतं, "वासावर जाऊ नका, ही फसवते."

मी या भानगडीत कशी पडले? निवृत्तीनंतर स्नेहाकडे, माझ्या लेकीकडे, पुण्याला गेले होते. तिनं जेवताना ग्लासात चिलीची लाल वाईन ओतली आणि म्हणाली, "आई, बाबा जाऊन अकरा वर्षं झाली, तू कधी स्वतःसाठी काही घेतलंस का?" घेतली मी. मला आवडली. वाशिमला परतल्यावर प्रसेनजित भाजीबाजारात भेटला, तेव्हा आजूबाजूला बघून त्याला विचारलं. तो हसला नाही, की त्यानं डोळे मोठे केले नाहीत. पुढच्या रविवारी विहारातून येताना मेडिकलच्या पिशवीत बाटली आणि वर खोकल्याच्या औषधाचं खोकं ठेवून घरी आला. ती कारमेनेर होती, चिलीची. म्हणाला, "हिले भाजलेल्या मिरचीचा वास हाय, बाई. तुमच्या भरतासंग जमन."

अहो, जमली म्हणजे काय! चुलीवर भाजलेलं वांगं, कांद्याची पात, तेलात परतलेले शेंगदाणे, आणि ती वाईन. धुराला धूर ओळख देतो तसं काहीतरी झालं. मी एकटी स्वयंपाकघरात बसून हसले, आणि ते त्याला सांगितलंही.

मी त्याला बजावलं, "हे बघ, मी महिला वाचनालयाची अध्यक्ष आहे. एकटी राहते. या गावात बाईमाणसाचं नाव एकदा तोंडातोंडी झालं की संपलं." तो म्हणाला, "बाई, तुमचं नाव माझ्या तोंडातून निघनार नाई." तीन वर्षं दर महिन्याला एक बाटली येत होती, आणि रिकामी त्याच पिशवीतून परत जात होती. कशी लागली ते मी सांगायची, तो मान डोलावून ऐकायचा. सांगते, कित्येक दिवस माझं लक्षपूर्वक ऐकणारा तेवढा एकच माणूस होता.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी वाचनालयात आमची मंगळवारची बैठक चालली होती. आमची सचिव रंजीता मोबाइल बघत एकदम फिदीफिदी हसायला लागली. हरीओम सेठच्या दुकानाचा मेसेज गावभर फिरत होता: 'हजाराच्या आत, दक्षिण अमेरिकेच्या पाच वाईन, वाशिमकरांच्या शब्दांत!' तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. जांभूळ आलं, सुपारी आली. मग ती वाचते काय, "कारमेनेर, चिली. हिले भाजलेल्या मिरचीचा वास. चुलीवरच्या भरतासंग घ्या. एकटं माणूसही हसते. सांगनार: भरीतवाल्या बाई."

माझं वाक्य! माझ्या स्वयंपाकघरातलं, माझं एकटीचं. बायका हसत होत्या. रंजीता म्हणाली, "कोन असन वो हे बाई?" मला वाटलं ती माझ्याकडे बघूनच विचारते आहे. माझ्या भरताची पार्टी दर हिवाळ्यात वाचनालयातच व्हायची ना! मी उठले, चपला घातल्या आणि तडक निघाले. मागून रंजीता आणि दोघीतिघी "बाई, काय झालं? बाई!" करत आल्या.

दुकानावर गर्दी होती. मी कधी त्या फुटपाथवरसुद्धा चढले नव्हते. प्रसेनजितनं मला पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पण क्षणात सावरून तो मोठ्यानं म्हणाला, "बाई, तुमी इकडं कुठी? रस्ता चुकल्या. मेडिकल बाजूले हाय."

मला काय वाटलं सांगू? वाटलं, हा पोरगा माझं नाव विकून आता ओळखही दाखवत नाही. माझा तोल गेला. "मेडिकल नाही, तुझ्याकडेच आले!" मी ओरडले. "विश्वासघातकी! माझं बोलणं बाजारात मांडलंस?"

"बाई, तुमाले कोनी चुकीचं सांगतलं. तुमचा अन् या दुकानाचा काय संबंध? चाला, मी तुमाले रिक्षात बसवून देतो."

"संबंध? तीन वर्षं दर महिन्याला बाटली घरी कोण आणून देतं? तूच ना? आणि ती भरीतवाली बाई कोण आहे? मीच ना?"

सगळा बाजार वळून बघायला लागला. प्रसेनजितनं डोळे मिटले. मला वाटलं, चोर पकडला गेला.

घरी आल्यावर रागानं रडले, अगदी हमसून रडले. ज्याला मी अआइई शिकवलं, त्यानंच मला उघडं पाडलं, हे काही केल्या गिळवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी रंजीता आली, पदराशी चाळा करत म्हणाली, "बाई, समितीचं म्हननं हाय का तुमी काई दिवस आराम करा." मी म्हटलं, "करते. त्या मेसेजनं माझं नाव घालवलं, तुमचा काय दोष?"

रंजीता चमकून माझ्याकडे बघत राहिली. "मेसेजनं? त्याच्यात तुमचं नाव कुठी होतं, बाई? भरीत तं घरोघरी करतेत. आमाले वाटलं ते कोनी पुन्या-मुंबईची असन. तुमी होत्या हे आमाले तुमीच दुकानावर सांगतलं."

मी मोबाइल काढून तो मेसेज पुन्हा वाचला. चारदा वाचला. नाव नव्हतं. वाशिमच्या कोणत्याही बाईचं नाव नव्हतं.

मी पुन्हा हरीओम सेठच्या दुकानावर गेले. आता लपवायचं काय राहिलं होतं? काउंटरवर प्रसेनजित नव्हता. सेठ दात काढून म्हणाला, "त्याले काढलं. तुमी बोंब मारली अन् माये सारे चांगले गिऱ्हाईक पळाले. हरेकाले वाटते, उद्या आपलं नाव येते."

"मेसेज कोणी पाठवला?"

"मी. दिवाळीच्या ऑर्डरले पाहू दे म्हनून वही मागितली त्याले. त्यानं देली. थो मले म्हने, सेठ, लोकायचं हाय, छापू नका. आता दुकान माहं, त वही कोनाची?" आणि ती वही त्यानं गल्ल्याखालून काढून माझ्यापुढं टाकली.

मी उभ्या उभ्या पानं चाळली. एकही नाव नाही, गिऱ्हाइकांच्या नुसत्या खुणा. 'दातवाले डॉक्टर' असंही नाही, नुसतं 'दात'. 'सुपारी'. 'संत्रा'. 'पोहे'. माझ्या वाट्याला आठ पानं होती. तीन वर्षांत मी जे जे बोलले, ते सगळं तारखेनिशी होतं. ज्या नोव्हेंबरात मी फोनवर स्नेहाशी भांडले होते, त्या महिन्यापुढं लिहिलं होतं, "भरीतवाल्या बाई. आज बोलल्या नाई. पुढच्या वेळेस मोगऱ्याच्या वासाची द्यावी." ती तोरोंतेस मला आठवली. मी त्याला म्हणाले होते, ही फसवते रे. ते वाक्यही माझंच होतं.

सेठनं त्याला फसवलं, हे खरं. पण मी काय केलं? तो भर बाजारात मला मेडिकलकडे वळवत होता, दोनदा दार उघडून देत होता, आणि मी त्याच्या तोंडावर ते लावून घेतलं. त्यानं माझ्यासाठी पाळलेला शब्द मी स्वतःच्या तोंडानं मोडला. माझी लाज गेली ती माझ्या आवाजानं गेली.

पत्ता लागायला दीड महिना गेला. लिलाबाईनं दारातूनच सांगितलं, "शिरपूरले कृषी केंद्रावर हाय. बरं झालं, बाटल्या सुटल्या त्याच्या." तिच्या आवाजात माझ्यासाठी राग नव्हता, पण आत या असंही ती म्हणाली नाही.

मी एसटीनं आमच्याच जिल्ह्यातल्या शिरपूरला गेले. दुकानात चारपाच शेतकरी होते. प्रसेनजित बियाण्यांची पाकिटं मांडत होता. मला बघून म्हणाला, "या, बाई. काय द्यू?" आवाज अगदी नेहमीचा, कोणत्याही गिऱ्हाइकाशी असावा तसा. मला बरं वाटलं. वाटलं, लोकांसमोर अजूनही माझी लाज राखतोय वेडा. मी म्हटलं, "भरताच्या वांग्याचं बी दे." त्यानं दोन पाकिटं काढली. एकाचं फळ मोठं होतं, दुसऱ्यात बिया कमी होत्या, ते त्यानं नीट समजावून सांगितलं. मी बाकावर बसून राहिले.

हळूहळू माणसं पांगली. शेवटचा म्हातारा खताची गोणी घेऊन गेला. दुकानात आम्ही दोघंच उरलो. रस्त्यावरही चिटपाखरू नव्हतं.

मी उठून काउंटरपाशी गेले. बत्तीस वर्षांत कोणत्या विद्यार्थ्यापुढं असं उभं राहिल्याचं आठवत नाही. "प्रसेनजित, माझं चुकलं रे. मी वही पाहिली. सेठकडून मागून आणते, तुला देते. तुझी आहे ती."

त्यानं पाकिटं सरळ केली. मग माझ्याकडे बघितलं, शांतपणे, आदरानं.

"कोनती वही, बाई?"

"अरे, वाईनची. आता कोणी नाही इथं. बोल माझ्याशी. रागाव तरी."

"मले नाई समजलं, बाई. तुमी मले शाळेत शिकवलं, तेवढी ओळख हाय आपली." त्यानं बियाण्याची दोन पाकिटं कागदी पिशवीत घातली आणि पिशवी माझ्यापुढं सरकवली. "वाशिमची गाडी साडेतीनले हाय. आता निघाल तं भेटन."

मी पिशवी घेतली आणि स्टँडकडे चालायला लागले.