करंट कोणाच्या अंगात?

ऑफिस नवं असलं की किस्से आधी जमतात, फर्निचर मागून येतं. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी हदगावहून तिथल्या एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले. कोणतं ऑफिस ते विचारू नका, माझी पेन्शन चालू आहे. पावसानं पाठ फिरवलेली, हवा अशी कोरडी की ओठ फुटायचे, आणि ज्याला हात लावावा त्याचा करंट बसायचा. हसू नका, आधी ऐका.

*

आमचे शिपाई गफूरचाचा, जुने लातूरकर, बोलणं दखनी. साहेबांच्या केबिनमध्ये नायलॉनचा गालिचा आला, मागोमाग लोखंडी कपाट आलं. चाचा गालिच्यावरून चालत गेले, कपाटाच्या मुठीला हात लावला आणि टुणकन मागं उडाले.

"इसमें लाईट उतरी है!"

आम्ही सगळे बाहेर पळालो. साहेबांनी वायरमन बोलावला. त्यानं कपाट ठोकलं, भिंत चाचपली, गालिचा उचलून बघितला. मग विचारलं, "साहेब, मीटर कुठं बसवलंय?"

मीटर अजून यायचंच होतं. त्या इमारतीत तोवर लाईटच आली नव्हती.

*

आमचे साहेब तरणे आणि लई उत्साही. कोणीही आलं की उठून, गालिचा ओलांडून हात मिळवायचे. एकदा निलंग्याकडचे एक सरपंच टँकर मागायला आले. साहेब उठले, हात पुढं केला. चट्ट असा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला.

सरपंचांनी हात धोतराला पुसला. म्हणाले, "साहेब, टँकर द्यायचा न्हाई तर तोंडानं सांगा की."

त्या गावाला दुसऱ्याच दिवशी टँकर गेला. इतक्या लवकर तो कुठंच गेला नव्हता.

*

माझा थोरला भाऊ बिलोलीला शाळेत विज्ञान शिकवायचा. सुटीत आला तेव्हा त्याला मी ऑफिसात नेलं. त्यानं सगळ्यांना समोर बसवून समजावलं. टेरिलीन, नायलॉन, रेक्झिन घासलं की अंगात वीज साठते. हवा दमट असली तर ती हळूहळू निघून जाते, कोरडी असली की साठून राहते आणि बोट टेकलं तिथं एकदम निघते. सुती घाला, रबरी चप्पल काढा. खुर्चीवरून उठलं की हातातली किल्ली खिडकीच्या गजाला टेकवा, म्हणजे वीज किल्लीतून जाते, बोटाला चटका नाही. आणि गालिच्यावर थोडं पाणी शिंपडा.

साहेबांना पाण्याचं लगेच पटलं. चाचांना बादली आणायला सांगितलं. चाचा जागचे हलले नाहीत.

"साब, मेरे मोहल्ले में तीन दिन से नल नहीं आया. गालीचे कू पानी पिलाऊं क्या?"

संध्याकाळच्या आत गालिचा गुंडाळून माळ्यावर गेला.

*

किल्ली टेकवायची मला इतकी सवय लागली की घरीसुद्धा कडी उघडायच्या आधी मी किल्ली टेकवायची आणि क्षणभर थांबायची. घरमालकीण आठवडाभर बघत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "सोनकांबळेबाई, तुम्ही बौद्ध ना? मग रोज कडीच्या पाया का पडून राहिलात?"

म्हटलं, "पाया नाही पडत, अंगातली वीज सोडते."

त्या दिवसापासून ती माझ्या दारावरून लांबून जायला लागली.

*

आता भाऊसाहेब. आमचे हेडक्लार्क. टेरिलीनची पँट, रबरी सोलचे बूट आणि रेक्झिनची फिरती खुर्ची, तीवर दिवसभर इकडून तिकडं सरकणं. एकदा मी त्यांना फाईल देताना आमची बोटं लागली, चटका बसला. मलाही बसला. पण ओरडले ते.

"बाई, तुमच्यात करंट हाय. इथून पुढं फाईल टेबलावर टाकत जा, हातात देऊ नका."

चाचांकडून फाईल ते हातात घ्यायचे. चाचांकडूनही चटका बसायचा, तेव्हा हसायचे. माझ्याच वेळी हात मागं जायचा. माझ्या आईला गावात पाणी वरून ओतून मिळायचं. हे 'लांबूनच' मला कोणी शिकवायची गरज नव्हती. माझं डोकं फिरलं. पण नोकरी नवी होती, मी गिळलं.

पंधरा दिवसांनी भाऊसाहेबांनी साहेबांपुढं कागद ठेवला. सोनकांबळेबाईंमुळे स्टाफला त्रास होतो, सबब त्यांचं टेबल पाऊस पडेपर्यंत व्हरांड्यात हलवावं. पाऊस पडेपर्यंत! त्या साली पावसाचं नाव काढलं तरी लोक चिडायचे. एकदा टेबल बाहेर गेलं असतं तर ते परत आत आलं नसतं, हे मला लख्ख दिसत होतं.

मी साहेबांना म्हटलं, "टेबल हलवा, पण आधी इथंच सगळ्यांसमोर बघा."

चप्पल काढली. लुगडं सुती होतंच. शहाबादी फरशीवर उभी राहिले आणि चाचांच्या हाताला हात लावला. काही नाही. साहेबांनी स्वतःहून हात पुढं केला. काही नाही. मग म्हटलं, "भाऊसाहेब, तुम्ही खुर्चीवरून उठा आणि चाचांना हात लावा."

"मी कशाला?"

"उठा," साहेब म्हणाले.

भाऊसाहेब उठले. बोट टेकायच्या आतच चट्ट झालं आणि चाचा ओरडले, "या अल्ला, ये तो पूरा बिजलीघर है!"

साहेबांनी तो कागद फाडला नाही. त्यावरच खाली लिहिलं की टेबल आहे तिथंच राहील, हेडक्लार्कनी उठल्यावर गजाला हात लावावा आणि टायपिस्टकडचे कागद स्वतः जाऊन हातात घ्यावेत.

दुसऱ्या दिवशी टँकरची यादी तातडीनं जायची होती, जीप दारात उभी. भाऊसाहेब खुर्चीवरून उठले. सगळा हॉल बघत होता. त्यांनी गजाला हात लावला, माझ्या टेबलापाशी आले आणि हात पुढं केला.

"द्या."

"एक पान राहिलंय," मी म्हटलं. "थांबा."

भाऊसाहेब हात पुढं करून उभे राहिले. मी ते पान लई सावकाश टाईप केलं.