बर्फावरून गेलेला दोरा

माणसं परदेशी पाठवणाऱ्या कामरेजच्या एजंटाने मला फसवलं. ते सर्वांत आधी ओळखलं आक्कांनी. सुरतेच्या उधन्यात आमच्या गल्लीत त्यांचा फोनबूथ होता आणि त्यांनी ते ओळखलं एका दोऱ्यावरून.

आक्कांच्या फोनशेजारी पत्र्याचा पृथ्वीगोल असायचा. कुणाचा मुलगा परदेशी निघाला की त्या मागावरचा पॉलिस्टरचा दोरा घेत आणि मुंबईपासून तो जाणार त्या गावापर्यंत ताणून तोडत. मग तो तुकडा गोलाच्या पोटाभोवती किती पुरतो ते पाहत. पूर्ण वेढा म्हणजे चाळीस हजार किलोमीटर, विमान तासाला नऊशे. या हिशेबाने घरच्यांना सांगत, फोनची वाट बघायला कधी यायचं. तोवर दोरा दोन्ही गावांवर मेणाने चिकटवलेला राही. त्याला हात लावलेला त्यांना खपत नसे. "माणूस लटकेल शे त्यावर," अहिराणीत म्हणत.

मी धुळ्याहून रिकाम्या हातांनी आलो आणि घासाघीस करत यंत्रमागांचा मालक झालो. आक्कांपुढे मात्र माझं चाललं नाही. फोनचा दर कमी करा म्हटलं की त्या म्हणत, "मीटर माझं ऐकत नाही भाऊ, तुझं काय ऐकणार?"

माझा धाकटा भाऊ सुभाष टोरांटोच्या गिरणीत लागणार होता. एजंटाशी मी पक्कं ठरवलं होतं, उरलेली रक्कम सुभाषचा पोचल्याचा फोन आल्यावरच. आक्कांनी दोरा लावला तर तो रशियावरून वर चढून ग्रीनलंडच्या बर्फावर गेला. कॅनडा पश्चिमेला आणि हा उत्तरेला कशाला, म्हणून मी हसलो. आक्का म्हणाल्या, "कागद सपाट, पृथ्वी नाही. जवळची वाट हीच." विमान सकाळचं होतं. मध्ये एकदा उतरणं धरून त्यांनी मला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.

फोन त्याच संध्याकाळी आला. आक्कांनी मला बोलावून घेतलं. "दादा, पोचलो," सुभाष म्हणाला. आवाज त्याचाच. पुढे काही बोलणार तोच गल्लीतली वीज गेली, शेजारचे माग थांबले आणि फोन तुटला.

आक्का रिसीव्हरला कान लावूनच उभ्या होत्या, माझ्या खांद्याशी. त्यांनी बर्फावरच्या दोऱ्यावर बोट ठेवलं.

"इमान आजून वर शे, भाऊ. पैसे देऊ नको."

मी भडकलो. माझ्या भावाचा आवाज मला कळत नाही का, म्हटलं. त्या हळूच म्हणाल्या, "त्याच्या मागे माग वाजत होते. आपले थांबले, तेव्हाच तेही थांबले."

एजंटाचा माणूस दारात उभा होता. मी त्याला रक्कम दिली.

त्यानंतर सुभाषचा फोन आला नाही. आमच्यासोबत ज्यांची वीज गेली होती, ते सगळे कारखाने, माळे, गोदामं मी पालथी घातली. एजंटाने कामरेजचं दुकान गुंडाळलं. बूथवर आक्का मला रोज चहा द्यायच्या आणि दोरा काढायच्या नाहीत. दिवसभर माग चालत, भिंत थरथरे आणि तो दोराही बर्फावर थरथरत राही. सुटीच्या दिवशी माग बंद असले तरी मला तो हलताना दिसे. आक्कांनाही दिसे. त्या फक्त गोलावर रुमाल टाकत.

आक्का गेल्या तेव्हा त्यांच्या मुलीने गोल माझ्याकडे आणून दिला. मेण तसंच आहे. सुभाष उतरल्याशिवाय दोरा काढू नको, हा आक्कांचा निरोप.

एजंट, तू सुरतेतच कुठेतरी आहेस. पैसे ठेव. त्या संध्याकाळी उधन्यातल्या कुठल्या भिंतीमागून माझ्या भावाला बोलायला लावलंस, तेवढं सांग.