लाल फडकं

कुपवाडवरून जाताना वजनकाट्यावरचा तो माणूस अजून आठवतो. काटे दोन होते, पण एका गाडीची चिठ्ठी निघेपर्यंत तो लाल फडकं दाखवून दुसरी गाडी अडवायचा. ड्रायव्हर ओरडायचे, "आवं मामा, झोप लागली का?" तो नुसता हसायचा.

काट्याचं सॉफ्टवेअर माझं होतं. दोन्ही वजनं एकाच क्षणी आली, की क्वचित एका गाडीचं वजन दुसरीच्या चिठ्ठीवर छापलं जाई. प्रोग्रॅम तपासायची माझी चाचणी तेवढ्यासाठीच अधूनमधून नापास व्हायची. मी ती पुन्हा चालवायचो आणि पास झाली की गप्प बसायचो. अशाच एका चुकीच्या चिठ्ठीवरून काट्याच्या मालकांनी त्या माणसाला सगळ्यांसमोर चोर म्हटलं. मी तिथेच उभा होतो. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या हातात फडकं आलं.

पुढे मी प्रोग्रॅममध्ये तेच केलं. एका गाडीची नोंद पुरी होईपर्यंत दुसरीने थांबायचं. मग चाचणी दिवसभर चालवली, एकदाही फसली नाही. मी त्याला सांगायला गेलो. "मामा, चूक माझीच होती. आता फडकं नको."

"मालकास्नी सांगितलासा?"

"अजून नाही."

"मग ऱ्हाऊ द्या हातात."

मालक समोरच्याच केबिनमध्ये बसले होते. मी गाडीला किक मारली.