कल्पिताच्या बिघडलेल्या पेशी

थळच्या कल्पिताचं काम घरात कुणालाच धड सांगता यायचं नाही. तिची आई सखुबाई शेजारणींना सांगायची, पोरगी बाटलीत मासे वाढवते. कल्पिता दर वेळी वैतागून म्हणायची की मासे नाही, माशाच्या पेशी.

अलिबागजवळच्या एका लहान खासगी प्रयोगशाळेत तिनं जिताडा या खाडीतल्या माशाच्या पराचा बारीकसा तुकडा घेऊन चपट्या प्लास्टिकच्या बाटलीत पेशी वाढवल्या होत्या. कुणाच्या तळ्यातली पिल्लं मरायला लागली की त्यांचा अर्क गाळून या पेशींवर घालायचा. पेशी मेल्या तर विषाणू आहे, जगल्या तर नाही.

सुरुवातीला या पेशींनी तिला रडवलं. बाटलीच्या तळाला चिकटायच्याच नाहीत, चिकटल्या तर वाढायच्या नाहीत. मग हळूहळू वाढायला लागल्या, आणि दीड वर्षात तर इतक्या झपाट्यानं की रोज नव्या बाटल्यांत वाटून द्याव्या लागत. तिचा सहकारी हर्षद खूश होता. कल्पिताला मात्र ते पटेना. जिवंत माशात कुठलीच पेशी अशी सुसाट वाढत नाही. सुरुवातीच्या काही कुप्या गोठवून ठेवल्या होत्या, त्यातून पुन्हा सुरुवात करू, असं तिनं प्रयोगशाळेच्या प्रमुख क्रांती मॅडमना वारंवार सांगितलं. मॅडमचं उत्तर ठरलेलं, की चांगलं चाललंय ते कशाला मोडायचं. शेवटी तिनं बोलणंच सोडलं.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर तिच्या नामाकाकांच्या तळ्यातली जिताड्याची पिल्लं गरगर फिरून उलटी तरंगू लागली. कल्पितानं अर्क तपासला. पेशी मजेत होत्या. तिनंच काकांना फोन करून सांगितलं की विषाणू नाही, पाण्याचा दोष असेल, पाणी बदलत राहा. काका ओहोटीला तळ्यातलं पाणी नाल्यात सोडत आणि भरतीला नवं घेत राहिले. सगळी पिल्लं मेली, तळं रिकामं झालं, आणि त्याच नाल्यावरचं शेजारचं तळंही.

मेलेल्या माशांच्या वासात बांधावर उभी असतानाच तिचा आपल्या पेशींवरचा विश्वास उडाला. दुसऱ्या दिवशी कुणालाही न विचारता तिनं पेशींची गुणसूत्रं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. जिताड्याची गुणसूत्रं अठ्ठेचाळीस असतात. इथं कुठं साठ, कुठं त्याहून जास्त, काही तुटून भलत्याच ठिकाणी जोडलेली.

ते बघून क्रांती मॅडम म्हणाल्या, "आपण तर काहीच चुकीचं केलं नाही."

"तेच तर," कल्पिता म्हणाली. "आपण फक्त वाढवत राहिलो."

बाटलीतल्या हवेत शरीरातल्यापेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन, त्यानं पेशीतला डीएनए दुखावतो. विभागणी होताना चुका होतात. माशाच्या अंगात अशी चुकलेली पेशी बहुधा मरते किंवा मारली जाते. बाटलीत मात्र भरपूर अन्न, मोकळी जागा, आणि जी लवकर वाढेल तिचंच राज्य. वाढीच्या या शर्यतीत विषाणूला आत घेणारं दार कधी बंद झालं, ते कुणाला कळलंच नाही.

तिनं गोठवलेली जुनी कुपी काढली. बहुतेक पेशी मेलेल्या निघाल्या. उरलेल्या पुन्हा रडतखडत वाढल्या. त्यांच्यावर काकांच्या तळ्यातला राखून ठेवलेला अर्क घातला, तर आठवड्यात सगळ्या मेल्या. विषाणू पहिल्या दिवसापासून होता.

ती काकांकडे गेली आणि सगळं सांगितलं. काकांनी गुंडाळत असलेलं जाळं खाली ठेवलं.

"त्या पेशी जिताड्याच्याच होत्या ना?"

"होत्या. नंतर राहिल्या नाहीत."

"मंग ते तुला आधी न्हाय समजला?"

"संशय होता. बोलले होते. मग कंटाळून गप्प बसले."

"तू गप बसलीस, नि मी पानी बदलत बसलो," काका म्हणाले. "आधी समजला असता तर पानी सोडलाच नसता. त्याच्या तरी तल्यान रोग गेला नसता." त्यांनी शेजारच्या बांधाकडे बोट केलं आणि घरात निघून गेले. तिला चहालाही बोलावलं नाही.

शेजाऱ्याच्या घरी तेच सांगायला ती त्याच संध्याकाळी एकटीच गेली. पुढच्या सोमवारी तिनं बिघडलेल्या पेशींच्या सगळ्या बाटल्यांत ब्लीच ओतलं. हर्षद म्हणत होता, एखादी तरी ठेवू, कशाला तरी उपयोगी पडेल. ती ओतत राहिली. मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि या खेपेला आत येऊन त्यांनी ब्लीचचा पुढचा कॅन तिच्याकडे सरकवला.